वारशेतची झडप

"बाई, लोकांच्या हाती जाळं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! लगाम हवा," सचिव कारखानीस म्हणाले. स्वतः अभियंते, पण खुर्ची भिनली की माणूस असंच बोलतो.

डॉ. इंदुमती रेगे राज्यजालाच्या प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर बसल्या होत्या. गावोगावच्या सरकारी केंद्रांतून कुणीही संगणकावर संदेश पाठवावा, हे बाईंचं स्वप्न. टेलिफोनही त्याच तारांवरून जाणार होते.

"लगाम म्हणजे?"

"एखाद्या गावातून अचानक दसपट संदेश सुटले, की ती अफवा नाहीतर दंगल. त्या गावाची झडप आपोआप बंद. संदेश थांबले की फलकावर गाव हिरवं, म्हणजे शांत."

"आणि दिवाळीला? तेव्हा तर शुभेच्छांचा पूर येईल."

"सरकारी सुट्टीला झडप उघडी ठेवा. कचेऱ्यांत कुणी नसतं, तेव्हा यंत्रानंच प्रत्येक संदेशाला शुभेच्छांचं उत्तर द्यावं आणि तो बाजूला ठेवावा. सरकार उद्धट आहे असं कुणी म्हणायला नको!"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. जाळं मिळतंय ना, मग झडप तर झडप! बाईंनी तसंच यंत्र बांधलं.

पुढच्या चैत्रात एका दुपारी वारशेतहून त्यांच्या धाकट्या भावाचा संदेश आला. मुकुंद तिथं शाळामास्तर होता; गावातलं एक केंद्र त्याच्याच वर्गात होतं. "ताई, खताच्या कारखान्यातून पिवळा धूर सुटलाय. पोरांना वर्गात कोंडून बसलोय. त्यांना खाडीच्या रस्त्यानं न्यायचं की घाटाच्या? वारा कुठं वळतोय ते कलेक्टर कचेरीलाच ठाऊक, पण तिथून कुणालाच उत्तर येत नाहीये."

बाई उत्तर लिहिणार, तोच वारशेत हिरवं झालं. अख्खं गाव तोच प्रश्न विचारत होतं. जीव तोडून विचारत होतं, म्हणूनच यंत्रानं त्याचं तोंड बांधलं. कचेरी वारशेतातच होती, पण गावातल्या गावात जाणारा संदेशही राजधानीतून फिरूनच जाई. कचेरीचा फोनही झडपेपलीकडे मुका.

बाईंनी सचिवांना गाठलं. "साहेब, झडप उघडा! माणसं मरतायत हो!"

"अहो, फलक बघा. वारशेत हिरवंगार आहे. प्रस्ताव पाठवा, संध्याकाळी सही करतो."

मेल्या, तुझ्या सहीला काय जाळायचंय? झडपेची किल्ली सचिवांकडे होती, पण जाळ्याचं घड्याळ बाईंच्या ताब्यात. त्यांनी तारीख लक्ष्मीपूजनाची केली.

झडप उघडली. वारशेतचे तुंबलेले संदेश धो धो सुटले. बाईंना रडू फुटलं. आता कचेरी बोलेल, पोरं सुटतील.

मग त्यांच्या लक्षात आलं. कचेरीत माणसं जागेवर होती, पण आज सुट्टी समजून यंत्र त्यांच्यापुढे काही ठेवणारच नव्हतं. बाईंनी फोन लावला. तोही यंत्रानंच उचलला. तारीख मागे फिरवावी, तर झडप बंद.

पडद्यावर मुकुंदची अक्षरं उमटली.

"ताई, कलेक्टर कचेरीचं उत्तर आलं गं. 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.' पोरांना वाचून दाखवलं नाही. दाराखालून धूर आत येतोय. रस्ता कुठला, ते तेवढं सांग ना."