पिवळ्या पडद्यामागची खुर्ची

हे मी स्वतः पाहिलंय. कुणाकडून ऐकलेलं नाही.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. प्रत्येक गोष्टीला कारण असतं यावर माझा आजही विश्वास आहे. म्हणूनच लिहितेय. तुम्हाला कारण सापडलं तर मला नक्की सांगा.

रात्र नव्हती. गेल्या नोव्हेंबरातली भर दुपार होती. नागपूरहून कळमेश्वरकडे जाताना माझ्या सरितामावशीचं शेत लागतं. तिथे तुतीची लागवड आणि रेशीमअळ्यांची शेड आहे. मावशीची मुलगी भावनाताई बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना.

मी रेशीमशेतीवर एक व्हिडिओ करत होते. त्यासाठी वाचताना कळलं, की जुन्या चीनमध्ये दर वसंतात सम्राट नांगर धरायचा आणि सम्राज्ञी तुतीची पानं तोडायची. ती पानं अळ्यांना घालत. रेशमाचा मान तिचा.

म्हटलं, हाच प्रसंग करू. भावनाताई सम्राज्ञी!

शेडच्या टोकाला, खिडकीपुढे लाकडी खुर्ची ठेवली. खुर्चीसमोर मावशीची पिवळी साडी पडद्यासारखी बांधली.

"पडदा काहून वं, रोशनी?" मावशीनं विचारलं.

"राजा लहान असला का त्याची माय पडद्यामागून कारभार पाहे, मावशी."

"मंग बरोबर आहे," ताई पोटावर हात ठेवून म्हणाली. "आमचा राजा तर अजून निघालाच नाही. मलेच पाहा लागते सारं."

आम्ही खूप हसलो.

मग मी वाचलेली आणखी एक गोष्ट सांगितली. सम्राटाला दुसऱ्या राणीपासून मूल झालं, तरी रीतीप्रमाणे त्याची आई सम्राज्ञीच. जन्म देणारी मागे.

"वा! आयतं लेकरू!" ताई पडद्यामागे जाऊन खुर्चीत ताठ बसली. पडदा थोडा सरकवून तिनं मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आवाज जाड करून म्हणाली, "या घरात जन्मणारं हरेक लेकरू माझं!"

आणि तेव्हाच...

शेड शांत झाली.

शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या खाताना आवाज करतात. हजारो अळ्या. कुणीतरी सतत कागद चुरगाळत असल्यासारखा. तो आवाज सकाळपासून आमच्या कानात होता.

तो थांबला.

मी रॅकजवळ गेले. पानं ताजी होती. अळ्या जिवंत होत्या.

सगळ्यांनी डोकी वर केली होती.

कात टाकण्याआधी अळी असं डोकं उचलून थांबते, हे मला माहीत आहे. पण यांची शेवटची कात होऊन गेली होती. आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती...

पडद्याकडे.

"ताई, बाहेर ये वं."

ताई उठली, पडदा पुन्हा सोडून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

अळ्यांची डोकी तिच्यामागे वळली नाहीत.

खिडकीतून ऊन येत होतं. पडद्यावर खुर्चीची सावली पडली होती. पाठीचे दोन दांडे दिसत होते. त्यांच्या मधून उजेड यायला हवा होता...

येत नव्हता.

मी पडदा ओढला. खुर्ची रिकामी होती. बैठकीवर हात ठेवला. ताई आत्ताच उठली होती, लाकूड कोमट असायला हवं होतं.

ते थंडगार होतं.

मावशीनं ताईचा दंड धरला. "घरात चाल. पहिले घरात चाल."

ताई रडायला लागली. "मी मजाक केली वं, माय. माझं लेकरू माझंच राहीन न?"

मावशीनं तिला ओढतच घरात नेलं.

मी सगळं तपासलं. आसपास फवारणी नव्हती. तापमान ठीक होतं. संध्याकाळी व्हिडिओ पाहिला. अळ्यांचा आवाज त्यात एकदाही थांबत नाही. ताईचे ओठ हलतात...

तिचं वाक्य मात्र नाही.

त्या खुर्चीला हात लावायला कुणी तयार होईना. काही दिवसांनी अळ्या कोष करायला लागल्या. त्यासाठी मावशीनं रॅकवर प्लास्टिकच्या जाळ्या ठेवल्या होत्या. बऱ्याचशा अळ्या तिथून उतरून खुर्चीवर गेल्या. पाठ, हात, पाय, सगळं पांढऱ्या कोषांनी भरून गेलं.

फक्त बैठक मोकळी होती. आणि पाठीचा मधला भाग. एक माणूस टेकेल एवढा.

मावशीनं खुर्ची कोषांसकट जाळली. साडीही जाळली.

जानेवारीत ताईला मुलगा झाला. वजन चांगलं, रडणं चांगलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मीही ते सगळं विसरायचं ठरवलं.

मे महिन्यात भेटायला गेले. उन्हाळा म्हणून शेड रिकामी होती, दार सताड उघडं. ताई समोरच्या ओसरीत बाळाला पाजत होती. चुटूचुटू आवाज येत होता...

तो थांबला.

बाळानं मान वर केली. शेडच्या दाराकडे वळवली. आणि स्थिर झालं.

या वयात बाळ मान धरतं. डॉक्टरांनीही सगळं वेळेवर आहे असं सांगितलंय. मला हे माहीत आहे.

ताईनं चुटक्या वाजवल्या. खुळखुळा हलवला. मग हळूच, घाबरत म्हणाली, "राजा... इकडं पाह्य न. माय इकडं आहे."

तो वळला नाही.

"पाह्य न वं रोशनी, माह्याकडे पाहूनच नाही राहिला."

मी वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

रिकाम्या शेडकडे बघून तो हसत होता. आई दिसल्यावर बाळ हसतं, तसा.