सभेची जागा बदलली

चाकण चौकात सगळं जागच्या जागी थांबलं होतं, आणि मी सहाआसनी रिक्षात पुटपुटत होते, "शाश्वत स्थानिक विकास म्हणजे…"

"म्हणजे आधी हा चौक मोकळा करणं," शेजारचा तरुण म्हणाला.

मी रागानं पाहिलं. तो साळसूदपणे बाहेर बघत होता; हसू मात्र गालात मावत नव्हतं.

तासाभरानं ग्रामपंचायतीत त्यानंच माझ्यासमोर चहा ठेवला. "मी गोरक्ष. तुमच्या संस्थेनं जोडीला दिलाय तो मीच."

मी मैत्री, आकुर्डीची. गावोगावी पाणी, कचरा, रोजगार यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांसाठी आमची संस्था प्रशिक्षण आखत होती. वर्गातला अभ्यासक्रम माझ्याकडे, गावातला सराव गोरक्षकडे. तो इथल्याच शेतकरी घरातला, पर्यावरणशास्त्र शिकलेला. पहिली तुकडी फसली तर कोर्स बंद, असं संस्थेच्या प्रमुख सरांनी बजावलं होतं.

"इतक्या स्लाइड? माणसं झोपतील," तो म्हणायचा.

"तुम्ही तरी जागे राहाल ना?"

"मला… हल्ली झोप येतच नाही."

मी लॅपटॉपमध्ये उगाचच काहीतरी शोधू लागायचे.

सरावासाठी गावसभा घ्यायची होती. गावानं बोलायचं, तज्ज्ञांनी नुसतं ऐकायचं. जागा ठरली देवळाचा सभामंडप. मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"बौद्धवस्तीतल्या बाया तिथं येणार नाहीत. आल्याच तर कडेला बसतील, बोलणार नाहीत." मी सरळ त्याच्याकडे पाहिलं. "मी त्यांच्यातलीच आहे… म्हणून माहितीय."

वाटलं, आता हा गावाची बाजू घेईल. त्यानं फोन काढला. "सरपंच, सभा शाळेच्या पटांगणात. न्हाई, ठरलं आता."

सभेच्या दिवशी पटांगणात वस्तीतल्या जाईबाई सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. "नाल्याची घाण आमच्या हापशाला येती. आजवर आमाला कुनी इचारलं न्हाई." तज्ज्ञांनी सोबत आणलेला आराखडा बाजूला ठेवला आणि ते जाईबाईंच्या मागोमाग नाल्याकडे निघाले. सर मला हळूच म्हणाले, "कोर्स चालू ठेवायचा."

पटांगण रिकामं झाल्यावर मी गोरक्षला गाठलं. "थँक यू. वाद घातला नाहीस तू…"

तू! जीभ चावली मी. त्याचे कान लाल झाले.

"मैत्री, मी आईला सांगितलंय… की मला तू आवडतेस. काही दिवस बोललीच नाही ती. आज सकाळी म्हणाली, तिला जेवायला घेऊन ये."

त्याच्या घराच्या उंबऱ्याशी माझे पाय थबकले. आतून त्याच्या आईचा, ठकुबाईंचा आवाज आला, "भाईर का उभी पोरी? आत ये की. माठ हाय बघ तिथं, गोरक्षला पानी दे."

मी माझ्या हातानं माठात तांब्या बुडवला. माझ्या आजीला तिच्या गावात कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी मिळायचं. डोळे भरून आले. मी पेला काठोकाठ भरला.

गोरक्षनं पेला धरला, पण माझी बोटं सोडेना. "तू काहीच बोलली नाहीस…"

"हो म्हणतेय ना! सोड… सांडेल."

चुलीपाशी भाकरी थापता थापता ठकुबाई आमच्याकडेच बघत होत्या. पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"मलाबी दे गं घोटभर."