एकतीस मुली, एक सीड प्लॉट आणि माझा खुलासा

शिक्षणाधिकारी साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. तुमच्या मेमोत आहे, 'सदर शिक्षिकेने अभ्यासक्रम सोडून नववीच्या एकतीस मुलींना परपुरुषाच्या शेतात नेले.' अभ्यासक्रम मी नाही, तुम्ही सोडलात. 'वनस्पतींचे प्रजनन' हे प्रकरण मुलींना शिकवू नका, 'घरी वाचा' म्हणा, हा तोंडी हुकूम कुणाचा?

आता तो परपुरुष. तुम्ही विचारता, संबंध काय? सांगते.

भाद्रपदात जळगावहून चोपड्याला येताना एसटी पंक्चर झाली. रस्त्याला लागून कपाशी. बायका कळ्यांवर लाल कागदाच्या टोप्या चढवत होत्या. मी बी.एस्सी. झालेली, असलं कधी पाहिलं नव्हतं. एक टोपीवाली कळी खुडली, नखाने उघडली...

"अहो बाई! एक बोंड मारलंत तुम्ही."

मागे उंच, उन्हाने रापलेला माणूस. लोटन, बियाण्याच्या प्लॉटवरचा सुपरवायझर.

"कळीच तर होती," मी म्हणाले.

"तिचे पुंकेसर या भागाबाईने काढून ठेवलेले. सकाळी तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा होता. आता कुणाला लावू?"

"मग... शिक्षा?"

"उद्या रविवार. आठला या. दहा फुलं क्रॉस करून द्या."

गेले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या भागाबाईने माझी बोटं धरली. "हलका हात ठेव, माय. नवरीले हळद लावतस तशी."

मग शाळेतून आणलेल्या भिंगातून पराग पाहिला. सात वर्षं फळ्यावर पराग म्हणून मी नुसते ठिपके काढत आले. इथे प्रत्येक कण म्हणजे काटेरी सोन्याचा गोळा! आणि एकेका बीसाठी एकेक कण... अंगावर काटा आला, साहेब.

पराग पुरवणाऱ्या नर झाडांच्या ओळीत पहिलं बोंड फुटलं होतं. मी त्यातला एक तंतू ओढला. "लोटन, ही एक पेशी आहे. एकच."

"उगाच!" तो हसला.

"शप्पथ. बीच्या सालीवरची एक पेशी वाढत वाढत इंचभर होते."

तो हसायचा थांबला. अंगातल्या शर्टाकडे बघत राहिला. "मना बठ्ठा जनम कापूसमा गया..." हळूच म्हणाला, "नि कोणी सांगं नही."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंगात पाहिलं. भिंगाखाली काहीच नव्हतं.

पुढचे चार रविवार बांधावर बसून आम्ही वर्षाचा पाठक्रम लिहिला. जूनला सरकीचा कोंब, पावसाळ्यात मूळ आणि बोंडअळी, मग फूल, शेवटी कापूस.

"तुमच्या पुस्तकात बेडूक फार," तो म्हणाला. "मुलींनी बेडूक पाहिला नाही का?"

"फाडलेला नाही."

"फाडून कळतो होय? तुम्हाला समजून घ्यायचं तर काय करावं लागेल?"

"आधी तो बोंडअळीचा तक्ता पुरा करा."

सहाव्या रविवारी मुली आल्या. एकही खिदळली नाही. भिंगाला डोळा लावलेल्या रेशमाने विचारलं, "बाई, आपणही असेच... दोन कणांतून?" "असेच," मी म्हणाले. सगळं रान गप्प झालं. तुमच्या तपासणीत असं गप्प कुणी होत नाही, नुसते घाबरतात.

मग तुमचा मेमो आला. मी तो लोटनला दाखवला.

"आमचा काही संबंध नाही, असं लिहून देतो. तुमची नोकरी वाचेल."

"लिहा."

त्याने पेन घेतलं. पेन हलेना.

"अडलं कुठे?"

"खोटं लिहवत नाही, बाई."

"मग खरं काय ते सांगा ना..."

"खरं... रविवारी तुम्हाला उशीर झाला की मी रस्त्याकडे बघत बसतो. फुलं मिटतात. भागाबाई शिव्या घालते."

मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. हात मात्र तिथेच राहू दिला. "मलाही लिहवणार नाही," म्हणाले.

तर संबंध हा आहे. वैशाखात लग्न आहे, पत्रिका फाइलला लावा. मला सस्पेंड करायचं तर करा. पण आमचा पाठक्रम दिवाळीपासून तुमच्या टेबलावर न उघडता पडलाय. जूनमध्ये नववीच्या बाकांवर नव्या मुली बसतील. त्यांनाही 'घरी वाचा' म्हणणार का, साहेब? हो की नाही, लेखी कळवा.