डाव्या हाताची नर्तकी

"ओ साहेब, ती शिडी माझी आहे!"

देवळाची चित्रं काढायला आलेल्या तरुणाने दचकून वर पाहिलं. दगडी हत्तींच्या रांगेच्या वर, बांबूच्या परांचीवर एक मुलगी बसली होती. तिची उतरायची शिडी मात्र याच्या हातात!

"सॉरी... मला वाटलं, वर कोणी नाही."

"म्हणजे मी कोणी नाही?"

बिचाऱ्याने घाईघाईने शिडी परत लावली. मग पुढचे आठ दिवस तो तिच्याच परांचीखाली कागद मांडून बसू लागला. भिंती काय कमी होत्या?

तिच्या परांचीमागच्या भिंतीवर वर्षापूर्वी बसवलेली एक नर्तकीची मूर्ती होती. जुनी भंगली, म्हणून या मुलीच्या बाबांनी नवी घडवली, असं सारं गाव सांगे. लोक बाबांना हात जोडत, आणि ही बाजूला उभी राहून हसत असे. आतून मात्र तुटत असे.

सातव्या दिवशी तो हळूच म्हणाला, "नर्तकी तुम्ही घडवलीत."

"काहीतरीच!"

"तिच्या पाठीवर टाकीच्या घावांच्या तिरप्या खुणा राहिल्यात. देवळातल्या बाकी मूर्तींवरच्या एकीकडे झुकतात, हिच्यावरच्या उलट्या. आणि हातोडी डाव्या हातात धरणारं इथे एकच माणूस आहे."

तिचा चेहरा उतरला. "बाबांचा हात कापतो हो... कुणाला सांगू नका. त्यांचा मान जाईल."

"नाही सांगणार. पण खोटी रेघ मला मारता येत नाही."

शेवटच्या दिवशी बाबांनी नर्तकीचं चित्र हातात घेतलं. कागद थरथरत होता. खाली 'शिल्पकार' लिहून पुढची जागा कोरी सोडली होती.

"इथे नाव का नाही?"

त्याने पेन्सिल पुढे केली. ती परांचीवर श्वास रोखून बसलेली. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वर, आणि काय ते त्यांना उमगलं. मग सगळ्या कारागिरांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "लिहा, माझ्या लेकीचं नाव लिहा! घाव तिने घातले, मान मी मिरवला. पण असली लेक मिरवायची सोडून मी हे काय मिरवत बसलो?"

म्हातारा छाती काढून उभा होता. तिचे डोळे भरून आले, मान मात्र ताठ. एवढा अभिमान तिला जन्मात वाटला नव्हता.

त्याने शिडी लावली. "उतरता?"

"पुन्हा शिडी पळवणार नाही ना?"

"तुम्ही म्हणाल तर... जन्मभर धरून उभा राहीन. आवडता तुम्ही मला."

"मग धरा," ती लाजून म्हणाली, आणि लहानपणापासून मागे लपवायला शिकवलेला डावा हात तिने त्याच्यापुढे केला.