मंगळवारचं एक मिनिट

कार्यक्रमातला नानांना बिनचूक जमणारा भाग एकच होता: शेवटी एक मिनिट गप्प बसणं.

बाकी सगळीकडे ते अडखळत. श्रीहरी पोतनीस ऊर्फ नाना, वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की अजून ते मागच्या रांगेत सरकत. अशा माणसाला त्याच कॉलेजच्या मुलांनी आपल्या रेडिओवर आणून बसवलं होतं. रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेवर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मधे काच. एकीत माइक आणि दोन खुर्च्या, दुसरीत यंत्रं. भिंतींना काळा स्पंज. माइक चालू झाला की पंखासुद्धा बंद. केंद्र सगळं मुलंच चालवत. मानस राजकारणाचा कार्यक्रम करी. वॉर्डात नळ किती वाजता येतो इथपासून निवडणुकीपर्यंत कुणालाही धारेवर धरी. वल्लरीकडे इतिहास आणि संस्कृती. त्यातला मराठी अर्धा तास नानांचा. कृष्णपुऱ्याच्या समाध्यांवरच्या छत्र्या कुणी बांधल्या, मानपुरावरून जाणाऱ्या रस्त्यानं टपाल कसं जाई, होळकरांच्या कचेरीतले कारकून घरी काय पत्रं लिहीत, असलं काहीबाही ते वाचून दाखवत. मंगळवारी चार वाजता रेकॉर्डिंग, गुरुवारी संध्याकाळी प्रसारण.

"नाना, तुमची आवाज एकदम लो येते," मानस पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "माइकशी काही दुश्मनी आहे का?"

"तुमचा आवाज," नाना पुटपुटले. मग आपण उगाच चूक काढली असं वाटून त्यांनी तीनदा माफी मागितली.

"अरे भिया, नाना आपल्याला मराठी शिकवून रिये हैं!" मानस काचेपलीकडे ओरडला.

ते एक मिनिट वल्लरीनं समजावून सांगितलं होतं. "तुम्ही खोकता, थांबता, ते मी कापते. पण कापलेल्या जागी काहीच नाही ठेवलं ना, तर कानाला गड्ढा पडल्यासारखा लागतो. म्हणून तिथे त्याच खोलीची, त्याच दिवसाची शांतता भरायची. आम्ही रूम टोन म्हणतो. रिकामी खोली नाही चालत. तुम्ही बसलेले पाहिजेत."

आपल्या नुसत्या बसण्याचाही कुणाला उपयोग होतो, याचं नानांना फार अप्रूप वाटलं. घरी जाऊन त्यांनी ते वसुंधराबाईंना सांगितलं.

"म्हणजे गप्प बसायला बोलावतात तुम्हाला," बाई हसल्या. "योग्य माणूस सापडला हो त्यांना."

वसुंधराबाई कधी त्या खोलीत गेल्या नाहीत. दोन जिने त्यांना झेपत नसत. राजेंद्र नगरच्या घरी स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याला फोन टेकवून त्या कार्यक्रम ऐकत आणि नाना किती वेळा 'म्हणजे' म्हणाले ते मोजत. मग त्यांना फुप्फुसांचा आजार जडला. हळूहळू आक्रसत जाणारी फुप्फुसं. औषध असून नसल्यासारखं. डॉक्टरांनी नानांना एक काम दिलं: रोज दुपारी चार वाजता, बाई स्वस्थ पडलेल्या असताना, एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजून लिहून ठेवायचं. नानांनी निळी वही केली. डिसेंबरात वीस ते तेवीस. जानेवारीच्या शेवटी अठ्ठावीस. मंगळवारी ते रेकॉर्डिंग संपवून धावत येत आणि जरा उशिरा मोजत.

मार्चमधल्या दुसऱ्या सोमवारी दवाखान्यात त्यांनी अडतीस लिहिले. मंगळवारचा रकाना कोराच राहिला. मंगळवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी बाई गेल्या, तेव्हा नाना रेडिओच्या खोलीत माइकसमोर गप्प बसले होते. शेजारच्या सुलोचनाबाई दवाखान्यात होत्या, त्याही औषध आणायला खाली उतरलेल्या.

"तीच म्हणाली, जा, मुलं वाट बघत असतील," नाना भेटायला येणाऱ्याला सांगत. लोक माना डोलावत.

दिवाळीनंतर वल्लरी घरी आली आणि पुन्हा कार्यक्रम सुरू करा म्हणून बसूनच राहिली. नानांना नाही म्हणता येत नसे. ते गेले.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी वल्लरीनं त्यांना बाहेर जाता जाता थांबवलं. "नाना, मिनिटभर हेडफोन लावता? रूम टोनमध्ये काहीतरी आहे. दोन आठवडे झाले, मला वाटलं बाहेरून येतंय."

नानांनी हेडफोन लावले. आधी खोलीचा हलका घुमारा. मग त्यांचा स्वतःचा श्वास, नाकातून किंचित शिटी वाजणारा. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. हलका, जरा घाईचा. प्रत्येक श्वासाच्या टोकाला बारीक चुरचुर, वाळलेलं पान मुठीत धरावं तशी.

नानांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"खालच्या प्रयोगशाळेच्या पाइपांतून येत असेल," ते म्हणाले.

आपल्याला जे वाटतं त्यावर नानांनी जन्मात कधी विश्वास ठेवला नव्हता. पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे पाठ असूनही ते यादी बघत. पुढच्या मंगळवारी त्यांनी तो तुकडा पुन्हा ऐकायला मागितला आणि घड्याळ समोर ठेवून मोजलं. बावीस. घरी येऊन निळी वही काढली. गेल्या वर्षी डिसेंबरातला तिसरा मंगळवार: बावीस.

त्यापुढच्या मंगळवारी तेवीस. वहीत तेवीस.

मुलांनी त्यांच्या परीनं सगळं करून पाहिलं. माइक बदलला, तारा बदलल्या, खुर्ची दुसऱ्या भिंतीशी नेली. एका मंगळवारी, त्याच खुर्चीवर, नानांच्या अर्धा तास आधी मानसनं एका नगरसेवकाला बसवून मिनिटभर गप्प केलं होतं. ("तेच अवघड होतं," तो म्हणाला.) ती शांतता स्वच्छ होती. नानांच्या शांततेत मात्र दोघं होते.

"टेन्शन नाही, नाना," मानस म्हणाला. "एक फिल्टर आहे. एक बटण दाबलं की जे नको ते सगळं साफ."

नानांनी त्याचा हात धरला. इतका घट्ट की मानसनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "नको," नाना म्हणाले. "तेवढं नको करू."

जानेवारी गेला. खोलीत बसल्यावर नानांना काहीच ऐकू येत नसे. समोरची रिकामी खुर्ची, काळा स्पंज, काचेपलीकडे वल्लरीची खाली घातलेली मान. मागाहून हेडफोनमध्ये मात्र तो श्वास असे, आणि आठवड्यागणिक उथळ होत चालला होता. अठ्ठावीस. एकतीस. मधेच एक लांब खंड पडे आणि नानांची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट होत. मग पुन्हा पान चुरगळे. नाना आता आठवडाभर कशातच नसत. वाचत नसत. पुण्याहून लेकीचा, अमिताचा फोन आला की हो हो म्हणत. मार्चमधला दुसरा मंगळवार किती दूर आहे, एवढंच बघत.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी छत्तीस भरले. वहीतही छत्तीस होते.

"नाना, पुढच्या मंगळवारी सुट्टी हां," वल्लरी सामान आवरता आवरता म्हणाली. "परीक्षा लागतात. चावी ऑफिसात जमा करायचीये. आता सीधे जूनमध्ये."

नाना दारात उभे राहिले. कुणाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती. ग्रंथालयात साधी खिडकी उघडून हवी होती तरी ते वर्षभर उकाड्यात बसले होते.

"मला पुढचा मंगळवार पाहिजे," ते म्हणाले. "एकच मिनिट. बोलणार नाही काही."

"पण का, नाना?"

त्यांनी पिशवीतून निळी वही काढून तिच्या हातात दिली. वल्लरीनं पानं उलटली. मग तिनं यंत्रावर जानेवारीतला एक तुकडा लावला, फोनवर मिनिट लावलं आणि ओठ हलवत मोजू लागली. मोजून झाल्यावर तिनं वहीतली ती तारीख शोधून आकड्यावर बोट ठेवलं.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

"आमच्या घरची," नाना म्हणाले. "त्या दिवशी मी तिच्याजवळ नव्हतो. इथे होतो."

वल्लरीनं वही मिटून परत दिली. "चावी मी देतच नाही," ती म्हणाली. "बोंबलू देत."

त्या मंगळवारी कॉलेजात सन्नाटा होता. वर्गांत परीक्षा चालू. जिना चढताना नाना दोनदा थांबले. मानसही आला होता. त्याला वल्लरीनं काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्यानं एकही विनोद केला नाही. नानांसाठी पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि यंत्रांच्या खोलीत जाऊन बसला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी वल्लरीनं काचेतून बोट वर केलं.

नाना बसले.

पंखा बंद. समोरची खुर्ची रिकामी. उन्हाचा एक पट्टा तिच्या पाठीवर पडला होता.

काही ऐकू येत नव्हतं.

त्यांनी मोजायचा प्रयत्न केला. काय मोजणार? त्यांनी हात टेबलावर पुढे सरकवला आणि उताणा ठेवला. अर्धं मिनिट गेलं असेल.

मग नाना बोलले. त्या मिनिटात बोलायचं नसतं, हे ठाऊक असून बोलले.

"वसू, तू जा म्हणालीस असं मी सगळ्यांना सांगतो. तू म्हणाली नव्हतीस. तू काहीच म्हणाली नव्हतीस, नुसती बघत होतीस. मला तुझा श्वास ऐकवत नव्हता गं. म्हणून उठलो मी. आज बसलोय. काय व्हायचं ते होऊ दे, आज उठत नाही."

काचेपलीकडचं बोट खाली आलं.

नाना यंत्रांच्या खोलीत गेले. हेडफोन त्यांना वल्लरीनं लावून दिले.

श्वास होता. अगदी जवळ, माइकला तोंड लावल्यासारखा. लांब, संथ, तळापासून भरून येणारा. टोकाला चुरचुर नव्हती. आजारपणाच्या आधी, दुपारी बाई कुशीवर वळून झोपलेल्या असायच्या तेव्हाचा. नाना शेवटाची वाट बघत राहिले. शेवट आला नाही. मिनिट संपलं तेव्हा श्वास चालू होता.

चौदा.

नानांनी वही उघडली. गेल्या वर्षीच्या मंगळवारच्या कोऱ्या रकान्यात त्यांनी चौदा लिहिलं. मग चष्मा काढला आणि रडले. मोठ्यानं नाही. मुलं दुसरीकडे बघत राहिली.

जरा वेळानं वल्लरीनं तो तुकडा स्वतः ऐकला. एकदा. मग पुन्हा.

"नाना, तुम्ही बोलत होता ना आत? मी पाहिलं. ओठ हलत होते."

"हो. चुकलंच माझं. काढून टाक तेवढं."

"काढू काय?" वल्लरी म्हणाली. "इथे एकच श्वास आहे. बाईंचा. तुमचं बोलणं नाही. तुमचा श्वास पण नाही."

मानसनं यंत्रामागची तार घट्ट केली.

"माइक गेला असेल," मानस म्हणाला. "चला, टेस्ट करू."

वल्लरी नानांना घेऊन आत गेली. माइकसमोर वाकून तिनं "हॅलो" म्हटलं. काचेपलीकडे पडद्यावरची हिरवी रेघ टणकन उसळली. मानसनं अंगठा दाखवला.

"आता तुम्ही."

"श्रीहरी पोतनीस," नाना म्हणाले.

रेघ सरळ होती.

"जोरात, नाना."

नानांनी माइकला ओठ टेकवून नाव सांगितलं, पत्ता सांगितला. जन्मात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्यानं बोलले. खोलीभर आवाज झाला. शेजारी उभ्या वल्लरीनं तो ऐकला आणि ती हळूच एक पाऊल मागे सरकली.

काचेपलीकडे मानसनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले होते. त्यानं मान वर केली.

"बोला ना, नाना," तो म्हणाला. "कधीचा थांबलोय."