टेबलाचा तिसरा पाय

वाडीचा फोन आजच्या आज सुरू करायचा, एवढ्यासाठी पीरमहंमद आणि सयाजी कोयनानगरच्या वरचा डोंगर चढत होते. दरडीनं वाडीच्या टॉवरची केबल तोडली होती. पलीकडच्या डोंगरावरच्या त्या वाडीत धुळा धनगराची लेक बाळंतपणाला अडली होती. दवाखान्याची गाडी मागच्या रस्त्यानं वाडीत येऊ शकत होती, पण आशाताईचा फोन आल्याशिवाय ती सुटणार नव्हती. सयाजीची बायको अंजना वाडीची आशाताई. तिनंच नवऱ्याला सकाळी खाली, तारा जोडणाऱ्या पीरमहंमदला आणायला पिटाळलं होतं.

"दिवाळीपर्यंत विसरा," ठेकेदाराचा साहेब म्हणाला होता. "त्या उतारावर तारा जोडायचं मशीन मांडायला पाटाएवढीसुद्धा सपाट जागा नाही."

"जागा न्हाई तर मी घिऊन जातो!" पीरमहंमद म्हणाला आणि त्यानं पेटी पाठीवर घेतली.

पेटी त्यानं स्वतः घडवलेली. बाप मिरजेत सतारी करायचा. त्याच हत्यारांनी लेकानं हे घडीचं टेबल केलं होतं. झाकण उघडलं की वर ताडपत्रीचं छप्पर, आत मशीन, खाली तीन पाय.

वाटेतल्या ओढ्यात पाण्याचा लोंढा आला. सयाजीनं पीरमहंमदला बखोटीला धरून ओढलं. दोघं वाचले, पेटी वाचली, पण टेबलाचा एक पाय वाहून गेला!

"आता वं, चाचा?"

"आता तू हाईस की! बस खाली."

दरडीच्या कडेला सयाजी गुडघ्यांवर बसला. टेबलाचा एक कोपरा त्याच्या खांद्यावर आला. चिखलातून केबलची दोन टोकं बाहेर डोकावत होती. आत बारा तारा, केसासारख्या बारीक काचेच्या. दहा सोडून द्यायच्या; दोन जुळल्या तरी टॉवर बोलणार होता.

"शिंकू नगंस, गड्या."

"नाकात माशी गेली तर?"

"गिळ!"

पीरमहंमदनं तार सोलली, स्पिरिटनं पुसली, कापली. मशीनमध्ये ठिणगी उडाली. पहिली जुळली! आणि त्याचा हात थबकला. सांध्यावर चढवायची नळी खिशातच राहिली होती. ती आधी ओवावी लागते. जोडल्यावर चढत नाही. आणि नळीवाचून सांधा नुसत्या धक्क्यानं मोडतो. वीस वर्षं तो हेच पोरांना शिकवत आला होता!

क्षणभर त्याला वाटलं, साहेब खरं बोलत होता. मग त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली आणि सांधा कापून टाकला.

तार आता चार बोटं तोकडी झाली. टेबल पुढं सरकवायलाच हवं होतं, अगदी कडेला.

"सरक."

"फुडं दरी हाय, चाचा!"

"मला दिसतीया. सरक!"

सयाजी सरकला. वरून दगड सुटला. धाड! चिखल उडाला. छप्पर फाटलं. पीरमहंमदनं मशीनवर छाती घातली. हात मात्र हलला नाही. नळी ओवली. ठिणगी! पहिली तार झाली. नळी ओवली. पुन्हा ठिणगी! नळी सांध्यावर आवळून बसावी म्हणून तापत ठेवली, आणि दोनेक मिनिटांतच सयाजीच्या खिशात फोन खणखणला.

पीरमहंमदनं तो काढून त्याच्या कानाला लावला.

"गाडी निघाली वं!" अंजना ओरडत होती. "तुमी कुठं हायसा? या की लवकर!"

"येतो, पर जरा दम धर," सयाजी मान न हलवता म्हणाला. "आत्ता मी टेबलाचा पाय हाय."