पुढची जागा राहू दे

"इंजिन म्हणे नंतर बसवू... आधी बुडू, मग सावकाश बसवू!"

हे पुटपुटणं माझ्या कानाला चिकटूनच चाललं होतं. पुटपुटणाऱ्या होत्या माझ्या मोठ्या जाऊबाई. होडीच्या पोटातली ती खोली एवढीशी, की दोन बायका बसल्या तर तिसरी हवासुद्धा अंग चोरून बसेल. त्या तळाला साचलेलं पाणी बादलीत भरत होत्या आणि दर बादलीमागे माझ्या नवऱ्याचा उद्धार करत होत्या.

मला हसू आलं.

त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई रचून सांगतेय. म्हणू दे. मला रचता आलं असतं तर शेवट तरी जरा बरा रचला असता. जे झालं ते आम्हा तिघांसमोर झालं. गेल्या हिवाळ्यात, मंगळवारी, भर दुपारी. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे.

जुनी शिडाची होडी विकत घ्यायची आणि आपल्या हाताने दुरुस्त करायची, हे दोघा भावांचं लहानपणापासूनचं खूळ. दोघे म्हणजे आमचे हे आणि यांचे दादा. दादा म्हणजे जाऊबाईंचे यजमान.

दादा सहा वर्षांपूर्वी एका मित्राची होडी घेऊन एकटेच बाहेर पडले.

होडी परत मिळाली.

त्यापुढचं वाक्य आमच्या घरात कोणी बोलत नाही. "दादा इथे नाहीयेत," एवढंच म्हणायचं. जाऊबाई अजून दादांच्या मनगटी घड्याळाचा सेल बदलून आणतात. बंद पडलेलं त्यांना आवडत नाही म्हणे. दाराशी बूट आहेत, त्यांना पॉलिश होतं. मीही करते. सवय झालीय.

आणि आता यांनी ती होडी घेतली. रंग उडालेला, शिडाला ठिगळं, तळाला गळती. इंजिन आधीच्या मालकाने काढून घेतलेलं. ती दुरुस्तीच्या यार्डापर्यंत न्यायची होती. यार्ड खाडीत आत, बरंच वर.

"भरती आपल्याला उचलून नेईल," हे म्हणाले. "वर थोडा वारा मिळाला की झालं. इंजिन कशाला हवंय?"

"आणि वारा नाही मिळाला तर?"

"तू ना, पुस्तकं वाचून नको तेवढं शिकलीस."

खरं होतं ते. होडीतलं जे काही मला येतं ते पुस्तकांतून आणि फोनवरच्या व्हिडिओंतून. म्हणूनच मी विचारलं, "पुढे कोण बसणार?"

कारण दोघा भावांची एक पद्धत होती. एकाने मागे सुकाणू धरायचं, दुसऱ्याने पुढच्या टोकावर बसून वाट बघायची. ओरडायचं नाही. वाऱ्यात शब्द फाटतात. टाचेने फळीवर ठोकायचं. एक ठोका, डावीकडे. दोन ठोके, उजवीकडे. तीन, नांगर टाक. आणि मागच्याने कधी विचारायचं नाही, का म्हणून. ठोका आला की वळायचं.

पुढे नेहमी दादा असायचे.

"पुढची जागा राहू दे," हे म्हणाले.

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी बादली उचलली आणि खाली गेल्या. मी काठाची दोरी सोडवायला घेतली. त्याच घरातली माणसं आम्ही... दादांचं ताट अजून मांडून ठेवणारी.

तासभर छान चाललं होतं.

मग वारा पडला.

आणि समुद्राकडून धुकं आलं. भर दुपारी. आधी काठ गेला, मग पाणी गेलं, मग आमच्याच शिडाचं वरचं टोक दिसेना. मी जाऊबाईंना मदत करून नुकतीच वर आले होते. इतकी शांतता, की दोरीवरून निथळणारे थेंब ऐकू येत होते.

आणि मग...

ठक.

पुढून.

यांनी सुकाणू डावीकडे घेतलं. विचार न करता, झोपेत कूस बदलावी तसं. उजव्या अंगाने, माझ्या हाताला लागेल इतक्या जवळून, पडक्या धक्क्याचा एक काळा खांब सरकत गेला. तो लागला असता तर त्या कुजक्या फळ्यांचं काय झालं असतं, सांगायला नको.

मी खाली वाकून ओरडले, "ताई, बादली आपटलीत का?"

"मी? अगं, मला वाटलं तूच पुढे गेलीस!"

मी यांच्याकडे बघितलं. यांचा चेहरा... कसं सांगू. सहा वर्षांत मी तो चेहरा बघितला नव्हता. लहान मुलासारखा उजळला होता.

ठक... ठक.

हे उजवीकडे वळले.

"अहो, पुढे कोण आहे?"

"बोलू नकोस. ऐकू दे."

त्याने आत्ताच आम्हाला वाचवलं होतं ना? जो कोणी होता त्याने. मांडीवर होकायंत्र घेऊन बसले, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

आणि सुई बघितली.

यार्ड पूर्वेला. आमचं टोक पश्चिमेला.

भरती कधीच संपली होती. ओहोटी लागली होती. आम्ही पाण्याबरोबर बाहेर चाललो होतो, समुद्राकडे. आणि दर ठोक्याला हे होडी नीट मधल्या धारेत ठेवत होते.

"अहो, ओहोटी लागलीय. नांगर टाका."

"तीन ठोके नाही आले अजून."

"आपल्याकडे इंजिन नाही! बाहेर गेलो तर परत कसे येणार?"

"तो सांगेल ना." अगदी शांतपणे म्हणाले. "त्याला माहीत असतं."

तेवढ्यात समोरून नवा आवाज आला. दबका, सलग. खाडीच्या तोंडावरच्या वाळूवर लाटा फुटत होत्या. स्वच्छ उजेडातसुद्धा तिथून धडधाकट होडी नेत नाहीत. आमची तर चाळण झालेली.

नांगर पुढच्या टोकावर होता.

मी निघाले. गुडघ्यांवर, हाताने चाचपत. धुक्याने सगळी फळी ओली झाली होती, हात सटकत होते. दोऱ्या ओल्या, नांगर ओला, कडा ओल्या...

आणि नांगराच्या शेजारी एक जागा होती.

माणूस मांडी घालून बसला तर लागेल तेवढी.

कोरडी.

वरून शिडाचं पाणी टपटपत होतं. सगळीकडे पडत होतं. तिथे पडत नव्हतं.

माझा हात नांगरापर्यंत गेला नाही. जाईना. त्यासाठी त्या जागेवरून हात न्यावा लागणार होता.

तुम्हाला काळजी नको म्हणून मध्येच सांगते. आम्ही वाचलो. धुकं निवळल्यावर एका मासेमारी लाँचने आम्हाला ओढत यार्डात नेलं. होडी अजून तिथेच आहे. हे तिकडे फिरकत नाहीत. यार्डातला मिस्त्री परवा भेटला तर विचारत होता, "बाई, पुढे ताडपत्री घालता का हो कोणी? सकाळी सगळीकडे दंव असतं, तेवढी एक जागा सोडून."

मी म्हटलं, असेल.

पण त्या दुपारचं सांगते. त्यानंतर मला दुसरं काही सांगता येणार नाही.

माझ्या मागून कोणीतरी आलं. जाऊबाई. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या कोरड्या जागेकडे.

त्या घाबरल्या नाहीत. खूप उशीर करून घरी आलेल्या माणसाकडे बघावं, तसं बघितलं.

ठक.

एकच ठोका. माझ्या तळव्याखालची फळी हादरली. लाटांचा आवाज आता अगदी समोर होता, आणि मागे सुकाणू करकरलं. हे वळत होते.

जाऊबाई खाली बसल्या. त्या जागेच्या अगदी जवळ. नांगर दोन्ही हातांनी उचलून होडीच्या काठावर टेकवला.

"वहिनी, थांबा!" मागून हे ओरडले. आवाज रडवेला झाला होता. "दादाने सांगितलं नाही अजून! वहिनी, ठोके येऊ द्या!"

जाऊबाईंनी मागे वळून बघितलं नाही. त्या यांच्याशी बोलल्याच नाहीत. आजारी माणसाला औषध देताना बोलतात, तेवढ्याच हलक्या आवाजात त्या कोरड्या जागेला म्हणाल्या,

"अहो... पुरे आता. तुम्ही मेला आहात. आम्हाला घरी जाऊ द्या."

आणि त्यांनी नांगर सोडला.